तीन लॉग फंक्शनांचं एक करताना: आधी वजा झालेल्या ओळी वाचा

प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बाजार समितीतल्या रोजच्या आवकेच्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फाइली वाचून दिवसाचा तक्ता छापणारा सी भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम आहे. त्यात लॉग_इन्फो, लॉग_वॉर्न आणि लॉग_एरर अशी माहिती, इशारा आणि चूक यांचे संदेश लिहिणारी तीन फंक्शनं होती, प्रत्येकी पंधरा-वीस ओळींची आणि दिसायला जवळजवळ सारखी. तुम्ही त्यांचं लॉग_कॉमन नावाचं एकच फंक्शन केलंत आणि रंग हवा का, वेळ हवी का, शेवटी सिस्टिमचा एरर जोडायचा का, यासाठी तीन फ्लॅग (हो-नाही सांगणारे १ किंवा ० हे आकडे) ठेवलेत. त्याच कमिटमध्ये (कोडच्या नोंदवलेल्या एका बदलात) तक्ता_छाप आणि सीएसव्ही_छाप यांचंही आउटपुट_छाप केलंत. ओळी बऱ्याच कमी झाल्या, टेस्ट पास झाल्या. पण टीम लीडना ते वाचायला जड वाटतंय, आणि हे रिफॅक्टरिंग (वागणूक न बदलता कोडची रचना सुधारणं) बरोबर आहे का असं तुम्ही विचारताय.

माझं मत आधीच सांगते. लॉगची तीन फंक्शनं एका जागी आणायचा निर्णय योग्य आहे. पण त्यांचा बाहेरून दिसणारा चेहरा चुकलाय आणि एकत्र करताना मूळ वागणूक चार ठिकाणी बदललीय. तक्ता आणि सीएसव्हीचं एकत्रीकरण मात्र या बदलातून काढून टाका. त्या दोन फंक्शनांमध्ये दिसणारं साम्य खरं नाही.

अशा बदलाचा रिव्ह्यू करताना बहुतेक जण नवं फंक्शन वाचतात. ते नीटनेटकं असलं की मंजुरी देतात. मी उलट्या बाजूने सुरुवात करते. वजा झालेल्या ओळी आधी वाचते, आणि काढून टाकलेली फंक्शनं एकमेकांशी ताडून बघते. ब्रँच (तुमची बदललेली प्रत) आणि मेन (मूळ प्रत) यांच्यातला डिफ (ओळींतले फरक) बाजूला ठेवून जुन्या लॉग_इन्फोचा जुन्या लॉग_वॉर्नशी आणि त्याचा जुन्या लॉग_एररशी डिफ काढायचा. तिन्ही अक्षरशः सारखी असतील तर काम पाच मिनिटांचं. पण तशी ती क्वचितच असतात. कोणीतरी कधीतरी एका प्रतीत एखादी ओळ घातलेली असते आणि कारण लिहून ठेवलेलं नसतं. एकत्र करताना नेमक्या त्याच ओळी पुसल्या जातात, कारण त्या चुकून राहिल्यासारख्या दिसतात. तुमच्या कोडमध्ये अशा चार जागा सापडल्या.

पहिली जागा सरळ आहे. जुनं लॉग_इन्फो एसटीडीआउटवर (प्रोग्रॅमच्या नेहमीच्या आउटपुटवर) लिहायचं, बाकीची दोन एसटीडीईआरआरवर (चुका-इशाऱ्यांच्या वेगळ्या प्रवाहावर). नव्या फंक्शनमध्ये सगळंच एसटीडीईआरआरवर जातं. तक्ता एसटीडीआउटवर छापला जात असताना माहितीचे संदेश त्यात मिसळू नयेत, असं तुम्हाला वाटलं असेल तर ते मलाही पटतं. तरीही हा वागणुकीतला बदल आहे, आणि रिफॅक्टरिंगच्या नावाखाली तो जाऊ देता येणार नाही. कोणीतरी रोज तक्ता फाइलमध्ये वळवत असेल आणि 'एकूण इतक्या नोंदी वाचल्या' ही ओळ त्या फाइलमधून ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने उचलत असेल, तर उद्या सकाळी त्याला रिकामं उत्तर मिळेल. हा बदल वेगळ्या कमिटमध्ये, त्याचं कारण लिहून आणि वापरणाऱ्यांना कळवून करा.

दुसरी जागा म्हणजे लॉग_वॉर्नच्या सुरुवातीची, साठलेला मजकूर लगेच बाहेर ढकलणारी एफफ्लश(एसटीडीआउट) ही ओळ. इशारा एसटीडीईआरआरवर जातोय, मग एसटीडीआउट फ्लश कशाला, असं म्हणून तुम्ही ती काढलीत. तिचं काम टर्मिनलवर दिसतच नाही. टर्मिनलला जोडलेला एसटीडीआउट साधारणपणे ओळीगणिक बफर होतो, म्हणजे ओळ संपली की ती पडद्यावर येते. तोच एसटीडीआउट फाइलला किंवा पाइपला (दुसऱ्या प्रोग्रॅमकडे नेणाऱ्या वाटेला) जोडला की बफर पूर्ण भरेपर्यंत मजकूर आत साठून राहतो. एसटीडीईआरआर मात्र बफर न करता लगेच बाहेर जातो. त्यामुळे दोन्ही प्रवाह एकाच फाइलमध्ये वळवले की सगळे इशारे वर येतात आणि तक्त्याच्या ओळी त्यांच्या खाली. 'या ओळीतला दर संशयास्पद आहे' हा इशारा नेमक्या कोणत्या ओळीबद्दल आहे, हे मग कळेनासं होतं. ज्याने ती फ्लशची ओळ घातली त्याने हा त्रास सोसलेला असणार. ती परत घाला, आणि वर एका वाक्यात कारण लिहा, म्हणजे पुढचा माणूस पुन्हा ती काढणार नाही.

तिसरी, लॉग_एररची परत येणारी किंमत. जुनं फंक्शन नेहमी -१ परत द्यायचं आणि त्यामुळे बोलावणाऱ्या कोडला 'रिटर्न लॉग_एरर(...)' असं एका ओळीत लिहिता यायचं. तुम्ही लॉग_कॉमन व्हॉइड (काहीच परत न देणारं) केलंत आणि प्रत्येक कॉलच्या खाली वेगळी 'रिटर्न -१' लिहिलीत. एका जागेचं डुप्लिकेशन काढून ते अनेक जागी पेरलं गेलं. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या स्वतःच्या सी कोडमध्येही हीच पद्धत आहे. तिथलं एरर हे फंक्शन संदेश छापून -१ देतं आणि कोडभर 'रिटर्न एरर(...)' असं दिसतं. छोटी गोष्ट वाटते, पण अशा ठिकाणी माणूस संदेश छापतो आणि परत फिरायला विसरतो. मग प्रोग्रॅम चूक सांगून तसाच पुढे चालत राहतो.

चौथी जागा सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा थांबते. जुन्या लॉग_एररची पहिलीच ओळ एर्नोची (सिस्टिमच्या शेवटच्या चुकीच्या क्रमांकाची) किंमत एका स्थानिक व्हेरिएबलमध्ये साठवायची. नंतर संदेश छापून शेवटी स्ट्रएररकडून त्या साठवलेल्या किमतीचा मजकूर जोडायची. तुमच्या नव्या फंक्शनमध्ये ती साठवण गेली. आता क्रम असा आहे: आधी रंग द्यायचा की नाही हे ठरवायला आयसॅटी या फंक्शनला 'समोर टर्मिनल आहे का' असं विचारायचं, मग वेळ छापायची, मग संदेश, आणि शेवटी स्ट्रएरर(एर्नो). अडचण अशी की आयसॅटीचं उत्तर 'नाही' आलं की ते फंक्शन स्वतःच एर्नोमध्ये ईनॉटटीटीवाय ('हे टर्मिनल नाही') लिहून ठेवतं. म्हणजे फाइल सापडली नाही म्हणून आलेला एरर छापेपर्यंत पुसला जातो आणि लॉगमध्ये 'इनअप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस' असा चमत्कारिक मजकूर उमटतो. युनिक्सच्या जगात हा संदेश भलत्याच ठिकाणी दिसला की अनुभवी लोक ओळखतात, मधल्या कुठल्यातरी कॉलने एर्नो बदललाय. आणि हे तुमच्या टर्मिनलवर कधीच दिसणार नाही. तिथे आयसॅटी यशस्वी होतं आणि एर्नोला हात लावत नाही. रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या सेवेने) प्रोग्रॅम चालवला आणि एसटीडीईआरआर फाइलकडे वळवलेला असला, की तेव्हाच दिसेल. टेस्ट हिरव्या राहिल्या याचं कारण एवढंच, की लॉगच्या मजकुराची टेस्ट कोणी लिहिलेली नव्हती.

आता नव्या फंक्शनच्या चेहऱ्याकडे येते. टीम लीडना जे खटकतंय ते बहुधा हे असावं: लॉग_कॉमन(१, ०, १, "..."). हा कॉल वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी उडी मारून व्याख्या बघावी लागते, पहिला एक रंगाचा की वेळेचा? तीन फ्लॅग म्हणजे आठ जोड्या, पण तुमच्या प्रोग्रॅमला त्यातल्या तीनच हव्यात. उरलेल्या पाच उद्या कोणीतरी चुकून वापरेल. जुनी तीन नावं चांगली होती, ती ठेवा. बोलावणाऱ्या कोडला काही बदललंय हे कळायचीही गरज नाही. डुप्लिकेशन होतं ते त्या फंक्शनांच्या पोटात, तिथेच ते काढायचं.

म्हणजे बाहेर तीन बारीक फंक्शनं आणि आत व्ही_लॉग हे एकच स्टॅटिक (त्या फाइलपुरतं) फंक्शन. ते आतलं फंक्शन तीन टिंबांऐवजी (टिंबं म्हणजे कितीही मूल्यं) व्हीए_लिस्ट, म्हणजे त्या मूल्यांची यादी, घेतं. असं काहीतरी (कोड देवनागरीत लिहिलाय, उच्चारावरून मूळ नावं लागतील):

इंट लॉग_एरर(फॉरमॅट, ...)
{
    व्हीए_लिस्ट यादी;
    व्हीए_स्टार्ट(यादी, फॉरमॅट);
    व्ही_लॉग(पातळी_एरर, फॉरमॅट, यादी);
    व्हीए_एंड(यादी);
    रिटर्न -१;
}

लॉग_इन्फो आणि लॉग_वॉर्न याच साच्यातली राहतील. या चार-पाच ओळी तीनदा लिहाव्या लागतात आणि त्या लागू द्या. व्हीए_स्टार्ट ज्या फंक्शनला टिंबं आहेत त्याच फंक्शनमध्ये करावा लागतो, त्यामुळे भाषेने लादलेली ही पुनरावृत्ती आहे. ती मॅक्रोने (कंपाइल होण्याआधी कोड तयार करणाऱ्या साच्याने) झाकायचा मोह होतो. लिनक्स कर्नलमध्ये डेव्ह_एर, डेव्ह_वॉर्न अशी बरीच फंक्शनं असल्यामुळे तिथे ती एका मॅक्रोतून तयार केली आहेत. तुमची तीनच आहेत. तीनांसाठी मॅक्रो केलात तर डीबगरमध्ये पायरी-पायरीने जाणं अवघड होईल आणि हाती फारसं काही लागणार नाही.

व्ही_लॉगच्या आत पातळीनुसार बदलणाऱ्या गोष्टी एका छोट्या तक्त्यात ठेवा: कोणता प्रवाह, कोणतं उपपद (संदेशाच्या आधी लागणारा पातळीचा शब्द), कोणता रंग, आधी फ्लश करायचं का, एर्नो जोडायचा का. पातळी हा त्या तक्त्याचा इंडेक्स. असं केलं की तीन फंक्शनांतले खरे फरक एका नजरेत दिसतात. जुन्या कोडमध्ये ते साठ ओळींत विखुरलेले होते. मला वाटतं, या सगळ्या खटाटोपाची खरी कमाई हीच आहे. पहिली ओळ एर्नो साठवण्याची, शेवटची ओळ तो परत ठेवण्याची. परत ठेवायचा कारण बोलावणाऱ्याला लॉग केल्यानंतरही एर्नो तपासायचा असू शकतो.

एक गोष्ट पुढच्या कमिटसाठी नोंदवून ठेवा. सध्या लॉग_एरर प्रत्येक वेळी सिस्टिमचा एरर जोडतं. 'दराच्या रकान्यात आकडा नाही' अशा चुकीचा सिस्टिमशी काही संबंध नसतो, तरी तिच्या शेवटी 'सक्सेस' छापलं जातं. गिटमध्ये यासाठी एरर आणि एरर_एर्नो अशी दोन वेगळी फंक्शनं आहेत. तुम्हालाही तसंच करता येईल, पण आत्ता नको.

व्हीए_लिस्टबद्दल एक धोका तुमच्या कोडमध्ये प्रत्यक्ष आहे. तुम्ही तीच यादी आधी एसटीडीईआरआरवर छापायला वापरता आणि नंतर लॉग फाइलमध्ये लिहायला पुन्हा वापरता. एकदा व्हीएफप्रिंटएफला (यादी घेऊन छापणाऱ्या फंक्शनला) दिलेली यादी नंतर कोणत्या अवस्थेत असेल याची हमी सीचं मानक देत नाही. प्रत्यक्षात काय होतं ते मशिनवर अवलंबून असतं. ॲपलच्या नव्या एआरएम मॅकवर व्हीए_लिस्ट हा साधा पॉइंटर आहे. फंक्शनला त्याची प्रत जाते, त्यामुळे दुसऱ्यांदा वापरला तरी सगळं ठीक दिसतं. ६४-बिट इंटेल लिनक्सवर तो एका स्ट्रक्चरचा ॲरे आहे, म्हणजे फंक्शनला पत्ता जातो आणि पहिल्या छपाईतच यादी पुढे सरकून संपते. दुसरी छपाई पुढचा कचरा वाचते, आणि फॉरमॅटमध्ये %एस ('इथे मजकूर घाल' ही खूण) असेल तर प्रोग्रॅम कोसळतो. तुम्ही मॅकवर लिहिताय आणि सर्व्हर लिनक्सचा आहे, म्हणजे नेमकं तुमच्या मशिनवर हे लपून राहणार. उपाय सी९९ (सीचं १९९९ चं मानक) पासून उपलब्ध आहे: व्हीए_कॉपीने आधीच प्रत घ्यायची आणि त्या प्रतीसाठीही वेगळा व्हीए_एंड करायचा.

पण तुमच्या बाबतीत दोनदा फॉरमॅट करायचीच गरज नाही. ओळ एकदाच बफरमध्ये तयार करा आणि तोच बफर दोन्हीकडे लिहा. याचा आणखी एक फायदा आहे. सध्या उपपद, वेळ, संदेश आणि शेवटची नवी ओळ यांसाठी वेगवेगळे एफप्रिंटएफ आहेत. एसटीडीईआरआरला बफर नसल्यामुळे प्रत्येकाचा वेगळा राइट कॉल होतो. तुम्ही प्रत्येक बाजारासाठी एकेक प्रक्रिया समांतर चालवता आणि सगळ्यांचा एसटीडीईआरआर एकाच पाइपमध्ये जातो. म्हणजे एका प्रक्रियेच्या उपपदामागे दुसरीचा संदेश चिकटू शकतो. पूर्ण ओळ एकाच राइटने गेली तर पाइपच्या बाबतीत पॉझिक्सची (युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकाची) हमी मिळते: पाइप_बफ इतक्या बाइटपर्यंतचं लेखन मधे तुटत नाही. ही मर्यादा किमान ५१२ असते आणि लिनक्सवर ४०९६. गिटचं व्हीरिपोर्टएफ हे आतलं फंक्शन असंच करतं, ४०९६ बाइटच्या बफरमध्ये उपपद आणि संदेश जुळवून एकदाच लिहितं. लिनक्स कर्नलमध्ये याच अडचणीसाठी २०१० मध्ये %पीव्ही हा खास फॉरमॅट आला. त्यामुळे एका प्रिंटकेच्या (कर्नलच्या छपाईच्या फंक्शनच्या) पोटात दुसरा फॉरमॅट आणि त्याची व्हीए_लिस्ट देता येते, आणि उपपदासह पूर्ण ओळ एका दमात बाहेर पडते. आउटपुट फंक्शनांतलं डुप्लिकेशन काढताना मोठ्या प्रकल्पांनाही हाच प्रश्न पडला होता.

बफर वापरताना लांबीकडे लक्ष ठेवा. बफरमध्ये छापणारं व्हीएसएनप्रिंटएफ किती बाइट लिहिले ते सांगत नाही, जागा असती तर किती लागले असते ते सांगतं. तो आकडा तसाच लांबीत मिळवून राइटला दिला आणि संदेश कापला गेलेला असला, तर बफरच्या पलीकडची मेमरी लॉगमध्ये जाईल. म्हणून आलेला आकडा उरलेल्या जागेशी ताडून बघायचा, आणि ऋण आला तर वेगळं हाताळायचं. तुमचे संदेश मराठीत आहेत, म्हणून आणखी एक काळजी: यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ४०९६ बाइटमध्ये साधारण १३६५ चिन्हं मावतात. लॉगच्या ओळीला ती भरपूर झाली, पण कापायची वेळ आली तर काप चिन्हाच्या मधोमध पडू शकतो आणि ती ओळ वाचणारी पुढची स्क्रिप्ट 'अवैध यूटीएफ-८' म्हणून अडून बसते. कापलेल्या जागेचा बाइट १२८ ते १९१ यांच्या दरम्यान असेल तर तो चिन्हाचा मधला तुकडा आहे. तसा नसलेला बाइट मिळेपर्यंत मागे या आणि तिथे कापा. तीन ओळींचं काम आहे, आणि आता ते एकाच जागी करावं लागेल. एकत्र करण्याचा खरा उपयोग अशा वेळी होतो.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. तुमच्या नव्या कोडमध्ये एका ठिकाणी आधी एसएनप्रिंटएफने पूर्ण मजकूर बनवलाय आणि मग तोच लॉग_कॉमनला फॉरमॅट म्हणून दिलाय. म्हणजे फाइलमधून आलेला मजकूर फॉरमॅट म्हणून पुन्हा वाचला जातो. सोयाबीनच्या नोंदीत शेऱ्याच्या रकान्यात 'ओलावा १२% पेक्षा जास्त' असं लिहिलेलं असलं, की त्या टक्क्याच्या चिन्हापासून प्रिंटएफ पुढची अक्षरं सूचना समजून वाचायला लागतं. नशीब चांगलं असेल तर विचित्र मजकूर छापला जाईल. कोणी मुद्दाम %एन घुसवलं तर मेमरीत लिहिताही येतं. २००० साली डब्ल्यूयू-एफटीपीडी या त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एफटीपी सर्व्हरमध्ये हीच चूक सापडली. वापरणाऱ्याने पाठवलेला मजकूर थेट फॉरमॅट म्हणून छपाईच्या फंक्शनला जात होता आणि त्यातून दुरून रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) ताबा मिळवता येत होता. तेव्हा बाहेरचा मजकूर नेहमी "%एस" च्या मागून द्यायचा.

हे दर वेळी माणसाने लक्षात ठेवावं अशी अपेक्षा नको. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांना फॉरमॅट हा ॲट्रिब्यूट (फंक्शनला लावायची खूण) समजतो. बाहेरच्या तीन फंक्शनांना प्रिंटएफ, १, २ असा लावा, म्हणजे पहिला पॅरामीटर फॉरमॅट आणि दुसऱ्यापासून तपासायची मूल्यं. व्ही_लॉगला प्रिंटएफ, २, ० लावा. तिथे मूल्यं यादीत असल्यामुळे ती तपासता येत नाहीत, म्हणून शून्य. हे केलं की %डी ला लाँग दिल्यावर कंपायलर तिथल्या तिथे ओरडतो. डब्ल्यूफॉरमॅट-नॉनलिटरल हा वॉर्निंगचा पर्यायही चालू करा, तो वॉलमध्ये (-Wall या नेहमीच्या वॉर्निंगांच्या गटात) येत नाही. ज्या रिव्ह्यूत प्रिंटएफसारखं नवं फंक्शन दिसतं आणि हेडरमध्ये हा ॲट्रिब्यूट नसतो, तो मी पुढे जाऊ देत नाही. थेट प्रिंटएफ वापरताना कंपायलर जी तपासणी फुकट करत होता, ती स्वतःचं फंक्शन मधे घातल्यावर गुपचूप बंद पडते. बहुतेकांच्या हे लक्षात येत नाही.

संदेशांबाबत थोडक्यात. 'उघडता आला नाही' हा भाग सगळीकडे सारखा दिसला म्हणून तुम्ही "%एस उघडता आला नाही" असा एकच साचा केलात. मग 'फोल्डर' ठीक बसतं, पण 'फाइल उघडता आला नाही' असं छापलं जातं. वाक्यं अख्खी ठेवा. संदेशातल्या शब्दांची पुनरावृत्ती ही कोडची पुनरावृत्ती नव्हे. शिवाय लॉगमध्ये आलेलं वाक्य सोर्समध्ये शोधता आलं पाहिजे. तुकड्यांतून जोडलेलं वाक्य ग्रेपला सापडत नाही.

आता तक्ता_छाप आणि सीएसव्ही_छाप. दोन्ही फंक्शनं नोंदींवरून फिरतात, तेच रकाने त्याच क्रमाने छापतात, म्हणून ती जुळी वाटतात. एकत्र केल्यावर तुमच्या आउटपुट_छापमध्ये 'इफ सीएसव्ही' पुन्हा पुन्हा येतं, जवळजवळ प्रत्येक रकान्याला. एवढ्या फाटेफुटीवरूनच कळायला हवं की आत दोन फंक्शनं आहेत आणि ती एका कंसात कोंबलीत. मी असा प्रश्न विचारते: यातलं एक बदलायला लागेल तेव्हा दुसरंही बदलावं लागेल का?

तक्ता माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. त्यात आधीच एक बग आहे, तो बघा. बाजाराचं नाव तुम्ही %-२०एस ने छापता. सीमध्ये ती २० म्हणजे २० बाइट. 'लासलगाव' मध्ये ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट, त्यामुळे त्याच्या पुढे एकही मोकळी जागा पडत नाही. 'पुणे' मध्ये ४ चिन्हं, १२ बाइट, त्याच्या पुढे ८ जागा पडतात. रकाने वाकडे दिसतात ते यामुळे. हे दुरुस्त करायला बाइटऐवजी पडद्यावरची रुंदी मोजावी लागेल, आणि काना-मात्रांची रुंदी वेगवेगळी टर्मिनलं वेगवेगळी धरतात, म्हणून त्यात बराच वेळ जाईल. या दुरुस्तीशी सीएसव्हीचा काडीचाही संबंध नाही. सीएसव्ही दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी आहे. तिची काळजी वेगळी: मजकुरात स्वल्पविराम आला तर रकाना अवतरणचिन्हांत घालायचा, आत अवतरणचिन्ह असेल तर ते दुप्पट करायचं. सीएसव्हीचं वर्णन करणाऱ्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात हेच नियम लिहिलेले आहेत. या गोष्टींचा तक्त्याशी संबंध नाही. म्हणजे दोघांच्या बदलाची कारणं वेगळी आहेत, आणि एकत्र ठेवली तर तक्त्याची रुंदी सुधारताना कोणीतरी सीएसव्ही मोडेल.

तरी त्या दोघांत एक खरं डुप्लिकेशन आहे, आणि ते तुमच्या नजरेतून सुटलं. सरासरी दर काढून पैशांपर्यंत गोल करायचं गणित दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलंय. एका ठिकाणी ०.००५ मिळवून तोडलंय, दुसरीकडे राउंड वापरलंय. एकाच दिवसाचा तक्ता आणि सीएसव्ही यांत काही बाजारांचा दर एका पैशाने वेगळा निघत असेल, तर कारण हे आहे. दर कसा गोल करायचा हा एकच नियम आहे, तो एकाच फंक्शनमध्ये राहायला हवा. तो बाहेर काढा. पण तिथेच थांबा. १,२५,००० असे स्वल्पविराम घालायचं काम त्या फंक्शनमध्ये ढकलू नका. तक्त्याला ते हवेत, आणि सीएसव्हीत त्याच स्वल्पविरामांमुळे एका रकान्याचे तीन होतील.

बदल केल्यावर खात्री कशी करायची? आधी जुन्या कोडची बायनरी वेगळ्या नावाने जपून ठेवा. चांगली फाइल, रिकामी फाइल, नसलेली फाइल, चुकीचे आकडे असलेली फाइल आणि शेऱ्यात टक्क्याचं चिन्ह असलेली फाइल, अशा इनपुटवर जुनी आणि नवी दोन्ही चालवा. एसटीडीआउट वेगळ्या फाइलमध्ये, एसटीडीईआरआर वेगळ्या फाइलमध्ये, दोन्ही एकत्र तिसऱ्या फाइलमध्ये, आणि बाहेर पडतानाचा कोड, असं चारही ताडून बघा. फ्लशचा फरक फक्त तिसऱ्या फाइलमध्ये दिसेल. तो राहून जातो, कारण बहुतेक जण दोन प्रवाह वेगळेच तपासतात. वेळेचा शिक्का सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने काढून टाका, नाहीतर प्रत्येक ओळ वेगळी दिसेल. रंग फक्त टर्मिनलवर येतात, तेव्हा ती चाचणी 'स्क्रिप्ट' (script) नावाच्या कमांडखाली चालवावी लागेल. लिनक्सवर एस-ट्रेसला (प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या साधनाला) फक्त राइट दाखवायला सांगितलं की एका संदेशाला एकच कॉल जातोय की नाही ते मोजता येतं. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा कंपायलरचा पर्याय) लावून हीच इनपुटं पुन्हा चालवा, बफरच्या पलीकडचं वाचन लगेच पकडलं जाईल.

कमिटचा क्रम मी असा ठेवेन. सगळ्यात आधी वरची तुलना करणारी स्क्रिप्ट, कोडला हात न लावता. मग जुन्याच तीन फंक्शनांना फॉरमॅट ॲट्रिब्यूट, आणि त्यातून निघतील त्या वॉर्निंगांची दुरुस्ती. मग व्ही_लॉग, ज्यात संदेशांचा एक बाइटही बदलणार नाही. मग दर गोल करण्याचं फंक्शन. इथे काही आकडे एका पैशाने बदलतील, तेव्हा कोणते आणि का ते कमिटच्या संदेशात लिहा. लॉग_इन्फो एसटीडीईआरआरवर न्यायचं असेल तर ते शेवटी, स्वतंत्र, आणि क्रॉनमध्ये हा प्रोग्रॅम कोण कोण चालवतं ते विचारून झाल्यावर. तक्त्याच्या रुंदीचा बग वेगळ्या इश्यूत नोंदवा. तिसऱ्या कमिटमध्ये तुमच्या पहिल्या प्रयत्नाएवढ्या ओळी कमी होणार नाहीत, आणि टीम लीडनी तसं विचारलं तर पातळीचा तक्ता दाखवा: आधी तीन फंक्शनांत शोधावे लागणारे फरक आता तिथे तीन ओळींत आहेत.